तारमामांच्या नावावरची केबल

मोटार बंद पडली की आम्ही इंजिनिअर आधी पॅनेल उघडायचो. तारमामा मात्र बिडी कानाला अडकवून, केबलवर एक हात ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. "आदी चालून तर ये, लेकरा. मंग उघड काय उघडायचं ते!"

परभणीजवळच्या आमच्या सूतगिरणीत ते वायरमन. पेडगावहून सायकलवर यायचे. तरुणपणी टेलिफोनच्या खांबांवर चढलेले, म्हणून तारमामा. त्यांचा जयभीम खणखणीत असायचा. विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला की म्हणायचे, "व्हईल, व्हईल. लाइन लय लांबची हाय, येळ लागायलाय."

गिरणीत नव्या ड्राइव्ह आल्या, म्हणजे मोटारींचा वेग सांभाळणाऱ्या पेट्या. एका बारीक केबलवरून त्या कंट्रोल रूमशी बोलायच्या. ती केबल मी ओढली होती. नवा होतो, नोकरीत अजून कायम झालो नव्हतो. दिसायला नीटनेटकं म्हणून मोटारींच्या जाड केबलींनाच ती बांधून टाकली. झालं! मोठी मोटार सुरू झाली की ड्राइव्हचं बोलणं तुटायचं आणि अख्खं खातं ठप्प. तीन दिवस मी येड्यासारखा त्या पेट्यांमधली कार्डं बदलत बसलो.

मामा एकदाच चालून आले. "टेलिफोनच्या तारंशेजारून इजेची तार गेली की नुसती गुणगुण ऐकू यायची. बोलणारी तार अन् राबणारी तार एका दावणीला कशाला बांदलीस रं?" दुपारभर बसून आम्ही दोन्ही वेगळ्या केल्या आणि खातं सुरू झालं.

मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "ही बांधली कुणी होती?" मी खाली वाकून पक्कड पुसत राहिलो.

"म्या, साहेब. चुकलं," मामा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "गप. तुजं कायम व्हायचं हाय. म्या तर दोन महिन्यांत घरीच चाललो."

निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "इतक्या वर्षांत मामांनी एकच केबल चुकवली!" सगळे हसले. मामाही हसले. आणि मी, निर्लज्जासारखा, मीही हसलो.

मी कायम झालो. मामांची फार आठवण यायची. पेडगाव काही लांब नव्हतं, पण जायला तोंड नव्हतं. नामांतर झालं तेव्हा वाटलं, आता मामा पेढे घेऊन येणारच. आले की सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं.

पेढे आले, पण ते घेऊन त्यांचा मुलगा आला. "बाबा पावसाळ्यातच गेले. गिरणीत पेढे वाटा म्हणून सांगून ठेवलं होतं."

अख्ख्या खात्यासमोर मी म्हणालो, "ती केबल मी बांधली होती. मामांनी नाही."

मुलानं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. "पण बाबा तर घरीबी म्हणायचे, म्याच चुकलो."