लाल दिव्यासमोरची हिल्डा

इंग्लंडमधल्या बर्नलीच्या कापडगिरणीत हिल्डा एन्टविसलचा जन्म गेला. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता ओठांनी बोलत आणि डोळ्यांनी ऐकत. चार रांगांपलीकडची चहाडीही त्यांना लख्ख कळे. सवय इतकी मुरलेली, की चर्चमध्ये पाद्रीबाबांसमोरही तोंडं चालूच.

हिल्डाचा गळा मात्र खरोखर गोड. १९५१ च्या हिवाळ्यात रेडिओवाले गिरणीच्या खानावळीतून थेट कार्यक्रम करायला आले, तेव्हा गाण्यासाठी तिलाच निवडलं. तिचा नवरा वॉल्टर कोळशाची गाडी हाकायचा. उभ्या संसारात त्यानं तिच्या गाण्याला कधी बरं म्हटलं नव्हतं. आज म्हणेल, एवढ्या एका आशेवर ती उभी राहिली.

सूत्रधार मिस्टर पेल लंडनचे, केसांना तेल चोपडलेले. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "लाल दिवा पेटला की कुणी हूं की चूं करायचं नाही. आणि बाई, गाणं झालं की मी विचारीन, कुणासाठी गायलात? तुम्ही म्हणायचं, घरी ऐकत बसलेल्या नवऱ्यासाठी. एक शब्द जास्त नको, लगेच लंडनहून बँड सुरू होणार."

"जास्त कशाला? माझा वॉल्टर तेवढ्यानंच फुगून छताला लागेल," हिल्डा म्हणाली.

दिवा पेटला, हिल्डा गाऊ लागली. देशभर तिच्या गाण्यामागं शांतता ऐकू गेली असेल, खानावळीत ती नव्हती; ओठ चालूच होते. मंचावरच्या प्रकाशात हिल्डाचे डोळे दिपले असतील असं बायकांनी धरलं होतं. तिथंच त्या चुकल्या.

तिसऱ्या रांगेत हिल्डाच्या शेजारच्या मागावरची आयव्ही शॉ बसली होती. तिच्या बाजूला बसलेल्या मॉडचे ओठ हलले, "काय गं, बुधवारी ही गाण्याच्या तालमीला गेली की वॉल्टर अजून येतो का तुझ्याकडे?"

"येतो की," आयव्हीचे ओठ म्हणाले. "म्हणतो, घरी नुसतं केकाटणं. इथं जेवण तरी गरम मिळतं."

रांगच्या रांग खांदे उडवत हसली. नवल कुणालाच वाटलं नाही, आणि हिल्डाच्या काळजात तेच रुतलं. सगळ्या जणी तिच्या हातचे केक खाऊन गेलेल्या, आणि एकीलाही सांगावंसं वाटलं नव्हतं.

तिचा सूर ढळला नाही, नुसता कापरा झाला. गाणं संपलं तेव्हा पेलसाहेबांनी डोळे टिपले. "कुणासाठी गायलात, बाई?"

"माझ्या नवऱ्यासाठी," हिल्डा म्हणाली आणि तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. "वॉल्टर, तुझे कपडे उद्या आयव्ही शॉच्या दारात टाकते. तिथं गरम मिळतं ना? तिथंच गिळ!"

आयव्ही पांढरीफटक पडली. हिल्डा ताठ मानेनं घरी चालत गेली.

वॉल्टर दारातच उभा, डोळे ओले. "अख्ख्या देशासमोर नवऱ्यासाठी म्हणालीस! पुढं काय सांगत होतीस गं? मेल्यांनी मध्येच बँड सुरू केला." त्यानं तिचा कोट उतरवला. "हिल्डा, तुझ्या गळ्यात देव आहे बघ. बस, चहा मी करतो."

मघाशी भर सभेत आलेली हिंमत आता एका माणसासमोर येईना. आयुष्यभर वाट पाहिलेले शब्द कानांत पडत होते, आणि ते तिला सोडवेनात. भिकेचं का होईना, ताटात पडलं होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "साखर जपून घाल."

आयव्हीनं त्याला दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं असणार. तो बोलला नाही, हीही नाही. बुधवारी हिल्डा तालमीला गेली आणि वॉल्टर आयव्हीकडे.