सहा भाकरींवरची अमरावती

अकोल्याजवळच्या विमानतळावर माझे वडील रोजंदारीवर गवत कापायचे. विमानतळ म्हणजे एक लांबलचक पट्टी आणि पत्र्याची कचेरी. कधीमधी एखादं लहान विमान उतरायचं, तेव्हा पट्टीवरची गुरं हाकलायचं कामही त्यांचंच. साहेब दिसला की वडील मान खाली घालून दोन पावलं मागं सरायचे. आम्ही बौद्ध झालो त्याला दोन वर्षं होत आली होती, तरी ती मान काही सरळ होत नव्हती. मला त्याचा फार राग यायचा.

त्या वर्षी मी सातवी पास झाले आणि अमरावतीला मास्तरीण होण्याच्या शिक्षणासाठी माझा नंबर लागला. राहायचं वसतिगृहात. आईनं एका वाक्यात विषय संपवला.

"दिवे लागाच्या आत जाऊन वापस येता येत नाई, तिथं पोरगी धाडाची नाई."

आमच्याकडे मुलगी देतानाही हेच पाहायचे. कोणी आजारी पडलं तर भेटून त्याच दिवशी परतता आलं पाहिजे. मी दोन दिवस जेवले नाही. आई जराही हलली नाही.

तिसऱ्या दिवशी वडील धापा टाकत घरी आले. "अमरावती पंधरा मिंटावर हाय. म्या इमानवाल्या साहेबालेच इचारलं."

"पंधरा मिंटं म्हंजे किती?" आईनं विचारलं.

घरात घड्याळ नव्हतं. शेजारच्या गुरुजींचं मागून आणून मी चुलीपुढं बसले. आई भाकरी थापत होती, मी काटा पाहत होते. जितक्या भाकरी जास्त, तितकी अमरावती लांब, आणि नेमकी त्या दिवशी ती सपासप थापत होती. माझा जीव टांगणीला. सहावी भाकरी उतरली आणि पंधरा मिनिटं झाली. आई टोपल्याकडं बराच वेळ पाहत राहिली.

"सहाच ना? मंग जाऊ द्या तिले."

आपल्याला विमानात कोण बसवणार, हे कोणी काढलंच नाही. मी तर मुळीच नाही.

सोडायला दोघंही आले. घरून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पॅसेंजर मूर्तिजापूरला बसली ती बसलीच. बडनेऱ्याला पोचलो तर अमरावतीची गाडी निघून गेलेली. वसतिगृहाच्या फाटकाशी आलो तेव्हा दिवे लागत होते.

आई थांबली. माझी पेटी तिच्याच हातात होती.

"ह्या काई सहा भाकरी नाईत," ती म्हणाली. "आख्खं गावजेवण झालं असतं."

वडील खाली पाहू लागले. संपलं, आता ही मला परत नेणार, असं वाटून मला रडू फुटलं. तिनं पेटी माझ्या हातात दिली.

"मले काय येडी समजता? इमान आपल्यासाठी उडत नाई, हे मले चुलीपाशीच ठाव होतं."

"मंग हो कावून म्हटलं?" मी विचारलं.

"तुह्या बापानं कधी साहेबापुढं तोंड उघडलं होतं? तुह्यासाठी इमानवाल्याले थांबवून इचारलं. मंग मी कायले आडवी येऊ?"

इतक्यात वसतिगृहाच्या बाई आतून "कोण आहे?" असं दरडावत आल्या. मी सवयीनं वडिलांकडं पाहिलं. ते मागं सरले नाहीत.

"पोरगी आणली," मान वर करून त्यांनी सांगितलं. "मास्तरीण होनार हाय."