नातेपुते की नान्नज

"माऊस इकडं द्या," म्हणत मॅडम हात पुढं करायच्या. माऊस त्यांच्या पर्समध्ये जायचा आणि आम्ही स्वतःच बनवलेलं वेबसाइटचं पान नुसत्या कीबोर्डवर चालवून दाखवायचं. कुठं अडकलो की त्या शांतपणे विचारायच्या, "आता काय करणार?"

भवानी पेठेत, एका चादरीच्या दुकानाच्या वर आमचं वेबसाइट बनवणारं छोटं ऑफिस आहे. मॅडम तिथं डिझायनर होत्या. मूळच्या वळसंगच्या. आईशी फोनवर कानडी, आमच्याशी मराठी आणि राग आला की दोन्ही. तुम्ही मोबाइलवर गाव निवडायला बोट लावता आणि खाली नावांची यादी उघडते ना, तेवढ्या एका यादीत त्या दिवसच्या दिवस रमायच्या. आम्ही हसायचो. "हसा की," म्हणून त्या पुन्हा कामाला लागायच्या.

एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. गावोगावच्या तपासणी शिबिरांची नोंदणी मोबाइलवरून व्हायची होती. पान देखणं झालं, दवाखान्यानं मंजूरही केलं. मॅडम मात्र ते सुरू करण्याआधी मोबाइल घेऊन दवाखान्यात गेल्या. मी सोबत होतो.

बाकावरच्या एका वयस्कर काकांना त्यांनी नाव नोंदवून बघायला सांगितलं. काकांनी यादी उघडली, ती मिटली. पुन्हा उघडली, बोटाखालून सटकली. शेवटी ते समाधानानं म्हणाले, "लागला की नंबर."

"कुठलं शिबिर निवडलं, काका?"

"नातेपुतं. आमचं गावच हाय."

स्क्रीनवर नान्नज होतं. यादीतलं खालचंच नाव.

ऑफिसात परतल्या परतल्या मॅडम आमच्या साहेबांना म्हणाल्या, "हे असं सुरू करायचं न्हाय."

"अहो, मंजूर झालंय ते. काकांना नीट दिसलं नसेल."

"नीट दिसत न्हाय म्हणूनच येणार हायेत की ती माणसं."

साहेबांनी कुरकुरतच दवाखान्याकडून मुदत वाढवून घेतली.

मॅडमनी यादी मुळापासून मांडली. प्रत्येक ओळ बोट नीट बसेल एवढी उंच केली. यादी आपोआप मिटणं बंद केलं. नावाची पहिली अक्षरं लिहिली की तेवढीच गावं उरायची आणि निवडलेलं गाव मोठ्या अक्षरांत पुन्हा विचारलं जायचं, 'नातेपुतेच ना?' पान आता बोजड दिसतंय, असं साहेबांचं मत पडलं. "दिसू दे की," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडून त्यांनी ते इतक्या वेळा बदलून घेतलं, की माझ्या स्वप्नातसुद्धा याद्या उघडायला लागल्या.

आता मॅडम आमचं शहर सोडून पुण्याला असतात. त्यांच्या टेबलावर दुसरं कुणी बसतं. पण त्या आठवल्या की मला ऑफिस दिसत नाही, दवाखान्यातला बाक दिसतो. नवी यादी घेऊन आम्ही पुन्हा गेलो होतो. मॅडमशेजारी एक आजी मोबाइल घेऊन बसल्या होत्या. त्यांचं बोट थरथरत अक्षर शोधत होतं. मला राहवेना, मी पुढं वाकलो. मॅडमनी मानेनंच नको म्हटलं. तेव्हा माझं लक्ष गेलं. मदतीला धावू नयेत म्हणून त्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते.

आजींनी गावाचं नाव मोठ्यानं वाचलं, 'हो'वर बोट टेकवलं आणि मोबाइल परत द्यायला पुढं केला. मॅडमना तो घ्यायला जरा वेळच लागला.