कडूबाईची गाठ

बावीस वर्षं मी हे पोटात घेऊन फिरते आहे. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही, ज्या सोबत्यांबरोबर आयुष्य काढलं त्यांच्यातल्या एकालाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण काय, ते मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालते. मध्येच गप्प झाले तर जरा थांबा.

आधी मी कोण, ते सांगायला हवं. आमचं घर नवीन जालन्यातलं, बियाणं कंपनीवाल्यांचं. मूळ गाव टेंभुर्णीकडचं, तिथे आमची जमीन. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या जमिनीवर बियाणं तयार करायला सुरुवात केली आणि त्यातून कंपनी उभी राहिली. मी कॉलेजात असतानाच लाल झेंड्याखाली गेले. घरात कुणी आकांडतांडव केलं नाही. अण्णा एवढंच म्हणाले, तेरड्याचा रंग तीन दिवस. तो रंग टिकला, असं लोक म्हणतात. बियाण्याच्या प्लॉटवर राबणाऱ्या बायांची युनियन आम्ही बांधली आणि आज माझे केस पांढरे झाले तरी मी तिच्यात आहे.

गेल्या महिन्यात आमचं शिबिर झालं. एका नव्या मुलीने उभं राहून विचारलं, पैसेवाल्या घरातली माणसं चळवळीत खरी असू शकतात का? चांगला प्रश्न होता. दुपारभर चर्चा चालली. कुणी म्हणालं, ही माणसं उंटावरून शेळ्या हाकतात, दुपार झाली की घरी जेवायला जातात. मग शकिलाबी उठली. ती आमची सगळ्यांत जुनी पुढारी, आता काठी घेऊन चालते. तिने माझ्याकडे बोट केलं.

"ही बघा. ताईला काय कमी व्हतं? बिलकुल काय न्हाई. तरी आली का न्हाई?"

टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आता मुद्द्यावर यायला हवं. पण क्रॉसिंग म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. संकरित कपाशीचं बी आपोआप होत नाही. उद्या उमलणारी कळी आज दुपार कलल्यावर हाताने सोलायची, आतले नर, म्हणजे परागाचे केसर, काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल आणून त्या कळीवर फिरवायचं आणि देठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे हे झालं ही खूण. एकेका फुलाला दोनदा हात लागतो. आणि फूल थांबत नाही. सकाळी पिवळट उमललेलं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. तो दिवस गेला की गेला.

हे काम मी शिकले होते. हौस म्हणा, नाहीतर त्यांच्यातलीच एक होण्याची धडपड म्हणा. मला शिकवलं कडूबाईने. काळी, किडकिडीत, डावखुरी बाई. नवरा गेलेला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. माझ्या हातून गाठ आवळताना देठच तुटायचे. तेव्हा तिने मला तिची स्वतःची रीत दिली — गाठ मारायचीच नाही, दोऱ्याचे दोन वेढे घ्यायचे आणि टोक आत सरकवायचं. बाकी कुणी तसं करत नसे. बाया माझ्याकडे बघून हसायच्या, ताईला कुठं जमतंय. एके दिवशी कडूबाईने माझी ओळ पाहिली आणि म्हणाली, "आता हात बसला तुमचा." कुठल्याही सभेतल्या टाळ्यांनी मला तेवढा आनंद दिलेला नाही.

आणि मग संप झाला. मागण्या दोन होत्या: मजुरी वाढवा, आणि फवारणी झाली की दुसऱ्या दिवशी बायांना त्या प्लॉटमध्ये उतरवू नका. पोरी चक्कर येऊन पडायच्या, अंगावर फोड यायचे. ऐन फुलोऱ्यात बायांनी काम बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर उभी राहिले आणि — कसं सांगू? नजर जाईल तिथपर्यंत गुलाबी. एकाही फुलाला हात लागला नव्हता. कंपन्यांची ऑफिसं, गोदामं, बँका, आमच्या दारातली गाडी, हे सगळं या बायांच्या दोन बोटांवर उभं होतं, आणि ती बोटं गावच्या चावडीपुढे मांडीवर स्वस्थ पडलेली होती. पुस्तकांत वाचलेलं खरं असतं, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा पटलं.

त्याच दिवशी दुपारी मी आमच्या जुन्या मळ्यावर गेले.

बायांना सांगितलं होतं, जालन्याला जाऊन मालकांचा अंदाज घेते. खोटं होतं. मला अण्णांना बघायचं होतं. मळ्यात तेरा ओळी होत्या, कंपनीच्या नव्हे, त्यांच्या स्वतःच्या. अकरा वर्षं निवडत आणलेला एक वाण, त्याचा हा पहिला क्रॉस. अण्णा ओळीत एकटेच वाकले होते. सत्तरी ओलांडलेली, हात थरथरणारे. एक कळी सोलायला गेले, ती मोडली. दुसरी मोडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीच मागितलं नाही.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. कुठल्या बाईच्या घरी म्हातारं माणूस नव्हतं? कडूबाईची सासू नव्हती?

मी पदर खोचला. दिवस मावळेपर्यंत कळ्या सोलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले, नर फिरवला, लाल दोरे बांधले. तेरा ओळी. हात असा चालला म्हणता, कधी चालला नव्हता तसा. आणि खरं तेच सांगायचं तर — मला बरं वाटत होतं. अण्णा बांधावर बसून बघत होते. मग मी पाय धुतले आणि चावडीपुढे येऊन घोषणा दिल्या.

संपात बाया रोज प्लॉटवरून फेरी मारायच्या, कुणी चोरून काम तर करत नाही ना ते बघायला. त्याच दिवशी दुपारी त्या मळ्यात शिरल्या. शकिलाबी एक फांदी मोडून घेऊन आली आणि सगळ्यांसमोर धरली. लाल दोरा, गाठ नाही, दोन वेढे, टोक आत. कुणीतरी म्हणालं, ही तर कडूची गाठ. झालं. कडूबाई आदल्या संध्याकाळी धरण्याला नव्हती, सासूला भरवायला घरी गेलेली. सकाळीही उशिरा आली होती. गरीब बाई, मालकाने काहीतरी हातावर टेकवलं असेल. माझं नाव? ते कुणाच्या मनातही आलं नाही. मला कशाला लागतंय? आणि मला जमतं तरी कुठे?

कडूबाईने ती फांदी हातात घेतली, दोऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग एकदाच म्हणाली, "म्या न्हाई केलं."

आणि शकिलाबी माझ्याकडे वळली. "ताई, तुमी सांगा. काय करायचं हिचं?"

इथे मी थांबते जरा.

तोंड उघडून खरं सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. मूग गिळून बसले असते तरी एक वेळ कमी पाप होतं. पण मी बोलले. शांतपणे, समजुतीच्या आवाजात बोलले. माणसापेक्षा संघटनेची शिस्त मोठी, कुणाबद्दल मनात कडवटपणा नको, पण नाव युनियनच्या रजिस्टरातून काढावं लागेल. असं बोलले मी. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात. इथे सुळी चोरानेच दिली.

दुसऱ्या दिवशी मालकांशी बोलणी झाली. त्यांच्या ओळखीची म्हणून मला खुर्ची मिळाली. दोन्ही मागण्या मान्य झाल्या. फवारलेल्या पिकात पोरींना उतरवणं बंद झालं. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

कडूबाई? ती धरण्याला येऊन बसली होती, मागे, सगळ्यांपासून हातभर दूर. आमच्यात पद्धत आहे, सगळ्यांच्या भाकरी एका फडक्यावर टाकायच्या आणि ज्याला जी येईल ती त्याने खायची. तिच्या भाकरी कुणी फडक्यावर घेतल्या नाहीत. माझ्या डब्यातल्या पोळ्या मात्र बाया हौसेने मागून घ्यायच्या. नाव वर्षभराने परत चढलं. भाकरी नाही. तरी ती आली. प्रत्येक मोर्चाला, प्रत्येक सभेला, टेंभुर्णीहून जालन्यापर्यंत, बावीस वर्षं. मागे बसायची, आपलीच भाकर फडक्यातून काढून खायची, घोषणेला हात वर करायची. मी व्यासपीठावरून बघायचे. सुरुवातीला भीती वाटायची, पुढे लाज, आणि मग काहीतरी वेगळंच. ही बाई इथे का येते, हे मला कळेना. तिच्या जागी मी एक दिवस आले नसते.

शिबिरानंतर मी तिच्या घरी गेले. ती ओट्यावर तूर पाखडत होती. म्हटलं, कडूबाई, त्या संपातलं एक सांगायचंय. सूप थांबलं नाही.

"ठाव हाये मला," ती म्हणाली. "त्याच दिशी कळलं. माहा हात डावा, माहा वेढा उलटा पडतो. त्या दोऱ्याचा सुलटा व्हता. बायांनी गाठ बघितली, वेढा कोणी बघितला न्हाई. ती रीत म्या एकट्या तुमालाच दिल्ती."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं असावं.

"दुसऱ्या दिशी मालकासंगं कोण बसणार व्हतं? आमाला खुर्ची देणार व्हते का ते? म्या बोलले असते तर बाया तिथूनच उठून गेल्या असत्या. मंग पोरी पुन्हा त्या औषधात." तिने सूप खाली ठेवलं. "तुमच्यासाठी गप न्हाई बसले, ताई. तसं समजू नका."

जिंकल्यावर तरी सांगायचं होतं, मी म्हटलं.

"जिंकल्यावर काय सांगू? का आपली ताईच फुटली व्हती? पुढच्या संपाला कोण आलं असतं मंग?"

तिने पुन्हा सूप उचललं. सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, असं म्हणाली, आणि उन्हं कलायच्या आत तूर आवरायची म्हणून कामाला लागली. बसा, चहा घ्या, असं काही नाही. का म्हणावं?

मी बराच वेळ ओट्याखाली उभी होते. आयुष्यात मोठी म्हणवणारी पुष्कळ माणसं पाहिली मी, पुढारी, विचारवंत, तुरुंगात जाऊन आलेले. त्या बाईच्या समोर मला वर बघवेना.

शिबिरातला प्रश्न माझ्यासारख्यांबद्दल होता. चळवळीसाठी मी घर सोडलं, असं लोक सांगतात. घर कुठे गेलं होतं? ते जागच्या जागी होतं, अण्णा होते, गाडी न्यायला यायची. कडूबाईपाशी गावातलं चांगलं नाव तेवढं होतं. ते तिने संपाला दिलं आणि दुसऱ्या दिवशी मागे जाऊन बसली. माझ्याच्याने तेरा ओळी सुटल्या नाहीत.

त्या ओळी मी क्रॉस केल्या. शिक्षा कडूबाईला झाली. तीही मीच दिली.