शुक्रवारची वही

सुकेशनी मॅडमना कोरं पान बघवत नसे. त्याला कारण त्यांची आई. भागिरथाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण मजुरीवरून आल्या की लेकीची वही मांडीवर घ्यायच्या, पानांवरून हात फिरवायच्या आणि विचारायच्या, आज काय नवं आलं तुले? खोटं सांगायची सोय नव्हती, कारण माउली लगेच म्हणायची, मंग म्हणून दाखव. अशा घरातली पोर शिक्षिका झाली नसती तरच नवल.

गेली चौदा वर्षं त्या मंगरूळपीरहून स्कूटीनं तांड्यावरच्या शाळेत येतात. चौथीचा वर्ग त्यांचा. आईची सवय त्यांनी वर्गाला लावली. शुक्रवारी खिचडी झाली, हात धुतले की वही काढायची. डाव्या पानावर 'मला काय शिकायचं', उजव्या पानावर 'कुठवर आलो'. जमलं तर भिंतीवर नावापुढे चमकीचा तारा. इथवर सगळं झकास होतं. फसगत त्या ताऱ्यातच होती, हे कळायला मात्र मार्च उजाडला.

भिंत ताऱ्यांनी भरली. केंद्रप्रमुख आले, बघून हरखले आणि म्हणाले, मॅडम, येत्या शिक्षण परिषदेत तुम्हीच बोला. ही परिषद म्हणजे केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा जमून एकमेकांकडून शिकायचं. प्रत्यक्षात परिपत्रकं वाचली जातात आणि सगळे चहाची वाट बघतात, हा भाग वेगळा. पण चाळीस शिक्षकांसमोर उभं राहायचं, आवडलं तर पुढं तालुक्याला बोलावणं. चौदा वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी असं विचारलं नव्हतं. त्या दिवशी स्कूटी चालवताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

आणि मग बादलची वही हाती आली. त्यानं लिहिलं होतं, 'मला पाचाचा पाढा शिकायचा.' आता हा गडी पाचाचा पाढा दुसरीपासून झोपेत म्हणायचा. मॅडमनी विचारलं, काहून रे, हे तर तुले येते. बादल जराही लाजला नाही.

"येते तेच लिवलं का तारा पक्का भेटते, मॅडम."

त्यांनी बाकीच्या वह्या चाळल्या. घरोघरी मातीच्या चुली. जे येत होतं तेच सगळ्यांनी शिकायचं ठरवलं होतं आणि शिकलेही होते. मॅडमचं तोंड एवढंसं झालं.

त्याच आठवड्यात वर्गातली मंजू परतली. दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली, जाताना वही घेऊन गेलेली. वही कुठं आहे म्हटल्यावर खाली बघत म्हणाली, हरपली. तिची आई हिरीबाई सोबत होती. तिनं पोरीचं बिंग तिथंच फोडलं आणि गाठोड्यात लपवलेली वही काढून दिली.

डावीकडे लिहिलं होतं, 'मला भागाकार शिकायचा.' उजवीकडे एकोणीस शुक्रवार. उसाच्या फडाजवळच्या गावात शुक्रवारी बाजार भरायचा, त्यावरून ती वार ओळखायची. 'जमला नाही. बारक्याला सांभाळलं.' 'जमला नाही. शिकवायला कोणी नाही.' 'जमला नाही. पाणी भरलं.' आणि एका पानावर, 'आज वीस मोळ्या होत्या. सहा बायांनी सारख्या उचलल्या. दोन उरल्या. मॅडम, हा भागाकार आहे का? जमला नाही.'

मॅडमना रडू आवरलं नाही. भिंतीवरच्या साऱ्या ताऱ्यांत मिळून नव्हतं तेवढं खरं या मळक्या वहीत होतं. परिषदेत ही वही वाचू का, असं त्यांनी मंजूला विचारलं.

मंजू म्हणाली, "वाचा. पन माहं नाव नोका सांगू."

आठ दिवस वही मॅडमच्या पिशवीत राहिली. घरी त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली, मोळ्यांच्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली, कुठं थांबायचं तेही ठरवलं.

शनिवारी परिषदेत त्या उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की माझ्या भिंतीवरचे तारे खोटे आहेत, पोरांना खोटं लिहायला मीच शिकवलं. केंद्रप्रमुखांचा चेहरा उतरला. मग त्यांनी वही वाचली. शेवटी, परिषदेत कधी नव्हे त्या, टाळ्या पडल्या. केंद्रप्रमुखांनीही वाजवल्या. मॅडमना वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात देवमन गुरुजींनी हात वर केला. दोन महिन्यांत निवृत्त होणारा माणूस. चहा कधी येते, याखेरीज परिषदेत त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं.

"बाई, त्या पोरीनं तुमाले इचारलं, हा भागाकार हाय का. मंग तिले सांगतलं का तुमी?"

आठ दिवस त्यांनी त्या प्रश्नाचं कौतुक केलं होतं. उत्तर दिलं नव्हतं.

चहाला त्या थांबल्या नाहीत. मंगरूळपीरचा रस्ता सोडून स्कूटी तांड्याकडे वळवली. मंजू दारात भांडी घासत होती. मॅडमना बघून तिनं आधी विचारलं, सारे हासले का? कोणीच नाही, असं सांगून मॅडम तिच्याशेजारी खाली बसल्या आणि वहीचं ते पान उघडलं.

"वीस मोळ्या, सहा बाया. एकीच्या वाट्याले किती आल्या?"

"तीन-तीन. दोन उरल्या."

"हाच भागाकार, मंजू. आठ दिवस वही माह्याजवळ होती, पन तुले सांगाचं राहून गेलं."

मंजूनं ओले हात फ्रॉकला पुसले आणि पान आपल्याकडे ओढलं.

"म्हंजे त्या दिवशी मले जमला होता."

मॅडमनी मान डोलावली. मंजूनं त्यांच्याकडून पेन्सिल मागून घेतली, 'जमला नाही'मधलं 'नाही' नीट खोडलं आणि वही मॅडमच्या हाती परत न देता घरात नेऊन ठेवली.