उठला की बंद

हार्डवेअरच्या दुकानात माल मोजताना एखादा नट, एखादा वायसर खाली पडतोच. तो उचलून आपण कोपऱ्यातल्या डब्यात टाकतो, लक्षही नसतं, आणि दिवाळीच्या साफसफाईत डबा उचलावा तर हात खाली येतो. अन्वरभाईच्या वर्कशॉपातले किस्से माझ्याकडे असेच साठलेत. आता तुम्ही बसलाच आहात, चहा सांगितलाय, तर ओततो डबा. फक्त मधून मधून मला उठावं लागेल. सवयच तशी आहे.

ही सवय अख्ख्या हिंगणघाटला माहीत होती. आयटीआय अर्धी सोडली. नागपूरची नोकरी चार महिने. समुद्रपूरला शेतीच्या औजारांची एजन्सी घेतली, ती दीड सीझन. लग्न झालेलं, तिशी आलेली, आणि मी परत बाबांच्या दुकानात. बाबा सकाळी आठला गादीवर बसायचे ते रात्री आठला उठायचे. जेवणाचा डबा तिथंच, झोपेची डुलकी तिथंच. गुडघे गेले होते त्यांचे. एकदा मी म्हणालो, "बाबा, दुपारी मी बसत जातो गादीवर. तुम्ही घरी जाऊन गरम जेवा."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "गादीवर बसाले बूड लागते, पक्या. तुले देवानं ते देल्लंच नाई."

आणि पुण्याला असलेल्या माझ्या धाकट्या भावाला, सुभाषला, बोलावून घ्यायचं म्हणून पोस्टकार्ड आणून ठेवलं.

*

आता मशीनचं सांगतो. गावातल्या एका मिलच्या गेस्ट हाउसला मोठं लॉन होतं, आणि ते कापायला बसून चालवायच्या दोन मशिनी. चार चाकं, छोटंसं स्टेअरिंग, पोटाखाली पातं. मिलचे दिवस फिरले, लॉन वाळलं, मशिनी भंगारात निघाल्या. अन्वरभाईनं त्या उचलल्या. त्यांच्यासोबत कोडापेदादाही आला. गेस्ट हाउसचा माळी, आठ वर्षं त्या मशिनींवर बसलेला. त्याला मिलमध्ये आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरनं फोटो दाखवला होता, की आमच्याकडे लोक यांच्यावर बसून रेस लावतात, हेल्मेट घालून.

अन्वरभाई म्हणाला, "मंग आपन काऊन नाई?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं, कापसाचा सीझन संपला होता, एका जिनिंगचं आवार रिकामं पडलं होतं. आम्हाला एवढं कारण पुष्कळ झालं. तिसरी मशीन अन्वरभाईनं लुनाचं इंजिन लावून घरीच बनवली. अंपायर म्हणून आले देवतळे सर, रिटायर झालेले पीटी मास्तर. शिट्टी त्यांच्या गळ्यातच असायची, लग्नात जेवायला आले तरी.

*

रेसचा पहिला नियम म्हणजे पातं काढून ठेवायचं. हे आम्हाला माहीत होतं. अन्वरभाईला वाटलं मी काढलं, मला वाटलं अन्वरभाईनं काढलं.

आवारात चौकीदाराच्या बायकोनं, सुमनबाईनं, मिरच्या वाळत घातल्या होत्या. लाल, कडक, चांगली दोन चादरी भरून. पहिल्याच वळणावर मशीन माझ्या हातून सुटली आणि सरळ चादरीवर गेली. पुढची दहा मिनिटं कोणाला काही दिसत नव्हतं. सर शिट्टी वाजवायला गेले तर शिट्टीतून शिंक निघाली.

आम्ही डोळे चोळत माफी मागायला गेलो. सुमनबाईनं चादर उचलली, चिमूटभर तिखट बोटांत घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "कुटलंच तं बारीक तं कुटाचं होतं!"

तेव्हापासून आमच्यात कोणी भेटलं की रामराम नाही, आधी एकच प्रश्न. "पातं काढलं का?"

*

दुसऱ्या रेसला अन्वरभाईनं लुनावाल्या मशीनचा पट्टा बदलला. म्हणे स्पीड वाढन. घाईघाईत पट्ट्याला पीळ पडला, आणि पिळाच्या पट्ट्यावर चाक उलटं फिरतं. सरांनी शिट्टी दिली, आम्ही दोघं पुढं गेलो, अन्वरभाई मागं गेला. ब्रेक अजून बसवायचा होता. आवाराच्या गेटातून तो तसाच पाठमोरा नागपूर-हैदराबाद रोडवर निघाला.

हवालदारानं हात केला तेव्हा कुठं इंजिन बंद पाडून थांबला. हवालदार मशीनभोवती एक चक्कर मारून आला. "काय हाय हे?"

"गवत कापाची मशीन, साहेब."

हवालदारानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दोन्हीकडं डांबर. बाजूला दगडावर बसला आणि म्हणाला, "काप."

*

माझी अडचण वेगळीच होती. मी सुरू करायचो, पन्नास पावलं जायचो आणि मशीन बंद. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, पेट्रोल गाळून घेतलं. तीच मशीन कोडापेदादा बसला की तासभर चालायची. मला वाटलं, मशीनलाही माझा स्वभाव कळला.

शेवटी कोडापेदादानं सांगितलं. सीटखाली एक बटन असतं. माणूस पडला तर पात्यानं कापू नये म्हणून, वजन उचललं की इंजिन बंद. मी पडलो पंचेचाळीस किलोचा, त्यात दर खड्ड्याला उठायची खोड.

"उठला की बंद," कोडापेदादा म्हणाला. "आधी बसाले शिक."

त्यानं मशीन झाडाखाली उभी केली, चालू केली आणि मला वर बसवलं. कुठं जायचं नाही, नुसतं बसायचं. तो बिडी ओढत बाजूला बसला. तासाभरात मशीन अकरा वेळा बंद पडली. एकदा तर नुसती पलीकडून कोणाची वरात चालली होती म्हणून. कोडापेदादा दर वेळी उठायचा, चालू करून द्यायचा, परत बसायचा.

हे बाबांच्या कानावर गेलंच. म्हणाले, "पाच राउंड बसून पुरे कर. मंग गादीचं पाहू. नाई तं सोमवारी सुभाषले कार्ड टाकतो."

*

तो रविवार. गंमत गंमत म्हणून सुरू केलेलं, आणि आता त्यावर माझं घर टांगलेलं. अन्वरभाईनं वीस किलो सरकीचा थैला माझ्या मांडीवर ठेवला आणि सुतळीनं सीटला बांधून टाकला. "आता उठून दाखव."

उठता येईना. एक राउंड झाला, दोन झाले. तिसऱ्यात अन्वरभाईची चेन तुटली. चार झाले. कोडापेदादा माझ्या थोडा पुढं होता, पण मला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मला फक्त ती चुन्याची रेघ पाहिजे होती. शेवटच्या वळणानंतर ती दिसली, आणि मी नीट पाहायला म्हणून जरा वर झालो.

सुतळीतून मी बाजूला निसटलो आणि पाठीवर आपटलो. थैला मात्र सीटवर बसला. मशीन बंद पडली नाही.

कोडापेदादानं मागं वळून पाहिलं. मला जमिनीवर पाहून "अरे पक्या!" करत आठ वर्षांत पहिल्यांदा सीटवरून उठला. त्याची मशीन जागच्या जागी बंद. आणि माझी त्याच्या बाजूनं सरळ गेली, रेघ ओलांडली, आणि शेडमधल्या सरकीच्या ढिगात जाऊन रुतली.

देवतळे सरांनी नियमाचा कागद काढला. "जो सीटवर बसून रेघ पार करन, तो पह्यला." त्यांनी थैल्याला हार घातला. लोकांनी थैला खांद्यावर घेतला, वाजतगाजत बाबांच्या दुकानात नेला आणि गादीसमोर ठेवला. सगळे पोट धरून हसत होते. बाबा हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, सुभाषची खोली झाडून ठेव.

*

सोमवारी दुकानात गेलो तर थैला तिथंच, हार सुकलेला. बाजूला पोस्टकार्ड. बाबा त्या दोन्हींकडं पाहत बसले होते. साडेबारा वाजले तसे गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"बस," म्हणाले.

मी गादीवर बसलो. बाबांनी वाकून थैला उचलला. मी मदतीला हात पुढं केला तर डोळे मोठे केले. थैला माझ्या मांडीवर ठेवला, नीट बसला का ते दाबून पाहिलं, कार्ड खिशात घातलं आणि कोपऱ्यातली छत्री घेतली.

"बाबा, पोस्टात चालले का?"

"घरी चाललो. जेवाले." पायरी उतरून थांबले, वळले. "उठू नोको. दुकान बंद पडन."