किल्ला पाहिला, आता घर दाखवा

आमच्याकडे मुलीचं लग्न ठरण्याआधी मुलाचं घर पाहायला जातात. नुसतं चहा-पोह्याला नाही. विहिरीला पाणी कसं आहे, गोठा झाडलेला आहे की नाही, स्वयंपाकघरात उजेड येतो का, हे सगळं डोळ्यांखालून घालतात. माझ्या पुतणीनं पसंत केलेला मुलगा चेक देशातल्या मोराविया नावाच्या भागातला निघाला, आणि आमची पंचाईत झाली. आमच्या नेर गावावरून तिकडे एसटी जात नाही, एवढं मला नक्की ठाऊक होतं.

घरात इंग्रजी येणारा माणूस म्हणून माझी ख्याती. ती कशी पसरली ते विचारू नका. तर मीच पुतणीला फोनवर सल्ला दिला, "त्याले म्हण, येशील तं तुह्या इकडचे पाह्यण्यासारखे फोटो घेऊन ये." माझ्या मनात घर, अंगण, आईवडील. त्यानं मात्र पाहण्यासारखं म्हणजे जे जगभरचे लोक पाहायला येतात तेच आणलं. त्याचं तरी काय चुकलं?

शेवटचा शब्द दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. पोरीनं त्याला एकदाच सांगितलं होतं, "बाबा, तुम्ही नाही म्हटलं तं मी नाही करणार." ती तसंच करेल हे आम्हाला माहीत होतं, म्हणून तर सगळ्यांचा जीव टांगणीला. त्यात ते वर्ष वाईट. भाव चढेल या आशेवर दादानं कापूस विकला नव्हता. पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग, आणि चढेल चढेल म्हणणारे सगळे खोटे ठरलेले. हाताला लागल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवायचा नाही, या मनःस्थितीला दादा आला होता.

मुलगा फोटो घेऊन घरी आला, त्याला ढिगाशेजारी खुर्ची दिली. रीतीप्रमाणे पुतणी स्वयंपाकघरात, दाराआडून कान देऊन. त्यामुळे दुभाषी मी.

पहिला फोटो डोंगरावरच्या किल्ल्याचा. दादानं चष्मा पुसला. "एवढं मोठं घर, अन् माणूस एकही नाही?"

"दादा, तो किल्ला हाय. सरकारचा."

"मंग मले कायले दाखवून राह्यला?"

नंतर गुहा आली. छतातून लोंबणारे चुन्याचे सुळके, आणि खाली अंधारातून वाहणारी नदी, तिच्यात होडी. मला तर ते पाहून गार वाटलं. पोरगा रंगात येऊन सांगत होता, की एक थेंब पडतो, दुसरा पडतो, आणि हजारो वर्षांनी असा खांब तयार होतो. मी भाषांतर केलं. दादा म्हणाला, "आमच्या छतातूनही पडते. कळंबचा चिंतामणी गणपतीही जमिनीच्या खालीच हाय. पोरगी राह्यणार कुठं, ते इचार."

मग टेकडीच्या पोटात खोदलेल्या रंगीत दारांच्या कोठड्यांची रांग. मुलगा म्हणाला, वाइन. मी म्हणालो, "द्राक्षाचं कोठार."

"द्राक्षं कोठारात?"

"तिकडं थंडी असते ना."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पाणी प्या जरासं." म्हणजे मी गप्प बसावं.

दादा उठायला लागला. गुडघ्यावर हात ठेवून तो उठला की विषय संपला, हे आमच्या घरात लहान मुलालाही कळतं. दाराआडून पुतणीचा आवाज आला, "काका, त्याच्या आईले फोन लावाले सांगा. तिकडं सकाळ हाय."

फोन लागला. पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली बाई, मागे गॅसवर काहीतरी शिजत होतं. दादा पुन्हा बसला. "इचार, विहीर हाय का?"

मी मुलाला इंग्रजीत विचारलं, त्यानं आईला त्यांच्या भाषेत. बाईनं गॅस बंद केला, गमबूट चढवले आणि फोन घेऊन अंगणात आली. सगळीकडे बर्फ. एका कोपऱ्यात लाकडी झाकणाची विहीर. तिनं झाकण सरकवलं, खडा उचलून आत टाकला आणि फोन विहिरीच्या तोंडाशी धरला. आमच्या खोलीत डुबुक असा आवाज आला.

दादानं मान डोलावली. "पाणी वर हाय." मग म्हणाला, "अन् बाई स्वतः उठून गेली पाह्याले. कोणाले हाक नाही मारली."

फोनमधली बाई बर्फात उभी राहून वाट पाहत होती. दादानं टोपी सारखी केली, पडद्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाला, "पोरगी तुमची झाली. एकुलती हाय. तिले थंडीची सवय नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. थंडीचं सांगायचं, एकुलतीचं सांगायचं, आणि ते 'तुमची झाली' कसं सांगायचं. माझं सगळं इंग्रजी गोळा करून मी म्हणालो, "येस."

मुलानं ते आईला सांगितलं. बाईनं फोन विहिरीच्या कठड्यावर ठेवला असावा, कारण आम्हाला नुसतं आभाळ दिसत होतं, आणि तिच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता.